आरशाची छोटी दुर्बीण: रात्री बाहेर काढायच्या आधी दिवसा उरकायची कामं

दिवाळीपासून मला जे फोन येतायत ते सगळे एकाच छापाचे. "दुर्बीण आणली, टेरेसवर लावली, खरं काहीच दिसेना झालंय बघा, नुसतं धुरकट पांढरं दिसालंय." थोडं खोदून विचारलं की कळतं, दुर्बिणीत खोट काही नाही, क्रम चुकलाय. रात्री साडेआठला खोकं फोडलं, मोबाईलच्या उजेडात स्क्रू आवळले, जास्त मोठं दिसेल म्हणून आधी १० मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) घातला आणि थेट शनी शोधायला निघाले. असं कुणालाच जमत नाही, मलाही नाही. रात्री कामं दोनच करायची, शोधायचं आणि बघायचं. बाकी सगळं उजेडात उरकून ठेवायचं.

मी इथं ११४ किंवा १३० मिमी आरशाची, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन (हातानं ढकलून फिरवायच्या बुटक्या बैठकीवरची दुर्बीण) धरून लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हौशी लोक बहुतेक हीच घेतायत आणि ती बाईकवर मागं बसलेल्याच्या मांडीवरही मावते. तीन पायांची, वजन लोंबकळणारी इक्वेटोरियल असेल तर बैठकीचं प्रकरण वेगळं, आरसे आणि फाइंडरचं (नळीवर बसवलेलं, नेम धरायचं छोटं यंत्र) मात्र हेच.

## १. खोकं उघडल्यावर

सकाळी उघडा, जमिनीवर चादर नाहीतर वाकळ अंथरून. स्क्रू फरशीवर पडला की तो कपाटाखालीच जातो.

१) डब्यावरचे दोन आकडे कागदावर लिहून घ्या, आरशाचा व्यास आणि फोकल लेन्थ (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर), दोन्ही मिमीत. १३० आणि ६५० लिहिलं असेल तर २५ मिमी आयपीसला ६५० भागिले २५ म्हणजे २६ पट, १० मिमीला ६५ पट. डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० पट, ६०० पट छापलेलं असतं ते विसरून जा. आरशाच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १३० ला २६० पट ही वरची हद्द, आणि आपल्याकडच्या हवेत दीडशेच्या पुढं क्वचितच काही धड दिसतं.

२) नळीची लांबी बघा. नळी जेमतेम अर्ध्या मीटरची आणि फोकल लेन्थ १००० लिहिलीय, तर फोकसरच्या (आयपीस बसवून फोकस करायच्या) नळीत आत एक भिंग बसवलेलं आहे असं समजा. त्या जातीचे आरसे जुळवणं नवख्याला फार जड जातं. अजून घेतली नसेल तर घेऊ नका.

३) नळी बाहेर ओढायची असेल तर दोन्ही दांडे "टक्" वाजेपर्यंत ओढा. एका दांड्याचा टक् झाला आणि दुसऱ्याचा राहिला की पुढचं तोंड तिरकं बसतं आणि फोकस लागतच नाही. माझ्याकडं आलेल्या "फोकस होत नाही" या तक्रारींत निम्म्या तरी ह्याच होत्या.

४) पुढचं झाकण पूर्ण काढा. काही झाकणांना मधे अजून एक लहान टोपण असतं, लोक तेवढंच काढतात आणि १३० ची दुर्बीण ४० ची करून बघत बसतात.

आत आरशावर धूळ दिसेल. दिसू दे. बोट लावू नका, चष्म्याचं फडकं लावू नका, फुंकर तर अजिबात मारू नका, थुंकीचे थेंब उडतात. आरशाचा अॅल्युमिनियमचा थर काचेच्या वरच्याच अंगाला असतो, घरातल्या आरशासारखा मागच्या बाजूला नसतो, एकदा चरा गेला की गेला.

> सावध: दुर्बीण, फाइंडर, काहीही सूर्याकडं वळवायचं नाही, "एक सेकंद" म्हणूनसुद्धा नाही, डोळा कायमचा जातो. आयपीसला लावायची काळी काच कुणी दिली तर फेकून द्या, ती तापून तडकते. दिवसा दुर्बीण उघडी ठेवून चहाला जाऊ नका, घरात पोरं असतील तर झाकण लावूनच उठा.

## २. बैठक

ह्यावर कुणी वेळ घालवत नाही आणि सगळी रड इथंच असते. पहिल्या वर्षी मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवून शेजारच्या काकांना गुरू दाखवला. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "दिसालंय खरं, हलालंय की रे." ६५ पटीत बघता तेव्हा स्टुलाची थरथरही ६५ पट होते, सरळ हिशोब आहे.

१) प्लॅस्टिकचं स्टूल, खुर्ची, टोमॅटोचं क्रेट, काही चालणार नाही. जड लाकडी स्टूल, टाकीचा सिमेंटचा कट्टा, नाहीतर माझा उपाय: २० लिटरचा रंगाचा रिकामा डबा, त्यात गळ्यापर्यंत वाळू, वर जाड प्लायवूडचा चौकोन. खर्च जवळजवळ शून्य आणि हलता हलत नाही. शेतात न्यायचं असेल तर डबा रिकामा न्या, तिथली माती भरा.

२) उंची बसून बघता येईल अशी ठेवा. उभं राहून वाकून बघितलं की पाच मिनिटांत कंबर धरते आणि मग माणूस "काही खास नाही" म्हणून खाली जातो.

३) बेसखालचा मधला बोल्ट आणि बाजूची चकती दोन्ही तपासा. हात लावून ढकललं की नळी लोण्यासारखी सरकली पाहिजे आणि सोडलं की तिथंच राहिली पाहिजे. फार आवळलं तर ढकलताना अडकून एकदम उडी मारते, ग्रह गायब. फार ढिलं ठेवलं तर जड आयपीस घातला की तोंड खाली झुकतं.

> तपासा: २५ मिमी घालून लांबचं काहीतरी फोकस करा आणि नळीवर टिचकी मारा. चित्र दोन-तीन सेकंदांत शांत झालं पाहिजे. जास्त वेळ डुगडुगत असेल तर बैठक बदला, पुढं जाऊ नका.

## ३. फाइंडर जुळवणं (हे दिवसाच)

लाल ठिपक्याचा फाइंडर आणि मोठी नळी एकाच जागी बघत नसतील तर आकाशात काही म्हणजे काही सापडत नाही. मी एकदा हे काम न करता जांबोटीच्या बाजूला मित्राच्या शेतात चौघांना घेऊन गेलो होतो. अंधारात फाइंडरचे स्क्रू चाचपडण्यात पाऊण तास गेला, तोवर मंडळी भाकरी-झुणका खाऊन गाडीत झोपली.

१) वेळ संध्याकाळी पाच-साडेपाच, सूर्याकडं पाठ, म्हणजे टार्गेट पूर्वेला. भर दुपारी लाल ठिपका फिका पडतो, दिसतच नाही.

२) टार्गेट कमीत कमी एक किलोमीटर लांबचं. मोबाईल टॉवरचं टोक उत्तम, लांबच्या पाण्याच्या टाकीचा कठडा चालेल, तुमच्या टेरेसवरून राजहंसगड दिसत असेल आणि सूर्य त्या बाजूला नसेल तर फारच छान. समोरच्या गल्लीतला अँटेना घेऊ नका. जवळच्या वस्तूवर जुळवलेला फाइंडर आकाशात चुकतो, कारण तो नळीपासून चार बोटं बाजूला बसलेला असतो.

३) फाइंडरमधल्या सेलवरची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढा. हसू नका, तीन जणांनी ती ठेवून "फाइंडर खराब आलाय" म्हणून दुकानदाराशी भांडण काढलंय.

४) आधी नळी. २५ मिमी आयपीस, नळीच्या अंगावरून नेम धरून टॉवर शोधा, फोकस करा, टोक बरोबर मधे आणा. चित्र उलटं दिसेल, ते तसंच असतं, दुरुस्त करायला जाऊ नका.

५) आता नळीला हात न लावता फाइंडरचे दोन स्क्रू फिरवून लाल ठिपका त्याच टोकावर आणा. लोक इथं नेमकं उलटं करतात, फाइंडर धरून नळी हलवत बसतात.

६) १० मिमी घाला, टोक पुन्हा मधे आणा, ठिपका पुन्हा बसवा. झालं.

> तपासा: नळी भलतीकडं फिरवा, मग फक्त फाइंडर वापरून दुसरा टॉवर पकडा. १० मिमीत तो दिसला तर पास. फाइंडर बंद केलात का? सेल रात्रभर चालू राहिला की दुसऱ्या दिवशी मेलेला असतो. त्यात बहुतेक सीआर-२०३२ असतो, एक जादा आणून ठेवा.

## ४. आरसे जुळवणं

लोक ह्याला फार घाबरतात, नाहीतर फार उत्साहाने सगळेच स्क्रू फिरवून ठेवतात. दोन्ही नको. आधी बघा, गरज असेल तरच हात लावा. खरं आपले रस्ते बघता, चोर्ल्याकडून बाईकवर एक फेरी झाली की थोडंफार हललेलंच असतं.

१) आयपीस काढा. फोकसरच्या टोपणाला बरोबर मधे २ मिमीचं भोक पाडा आणि ते बसवा. हे तुमचं जुळवणीचं हत्यार.

२) नळी आडवी ठेवा. उभी ठेवून काम केलं आणि स्क्रू किंवा अॅलन की हातातून सुटली तर ती थेट खालच्या मोठ्या आरशावर. अॅलन कीला दोरी बांधून मनगटात अडकवा.

३) भोकातून बघा. समोर लहान तिरपा आरसा, त्यात मोठ्या आरशाचं प्रतिबिंब. मोठ्या आरशाला धरून ठेवणाऱ्या तिन्ही क्लिपा दिसतायत का? दिसत असतील तर लहान आरशाला हात लावू नका. एखादी दिसत नसेल तर लहान आरशामागचे तीन बारीक स्क्रू, एक थोडा ढिला, दुसरा तितकाच घट्ट, असं पाव-पाव आट्यानं करत तिन्ही क्लिपा दिसेपर्यंत.

४) आता मोठा आरसा. त्याच्या मधोमध एक बारीक गोल कडी किंवा ठिपका चिकटवलेला असतो. टोपणातल्या भोकाचं प्रतिबिंब त्या कडीच्या आत यायला पाहिजे. मागचे लॉक स्क्रू आधी ढिले करा, मग जुळवणीचे तीन स्क्रू फिरवा. एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं हे बरं पडतं, घरात माझी पोरगी "अजून, अजून, बास!" म्हणते आणि मी मागं बसून फिरवतो. शेवटी लॉक स्क्रू हलकेच आवळा आणि पुन्हा बघा, आवळताना परत सरकतं.

११४ च्या काही दुर्बिणींत मोठा आरसा पक्का बसवलेला असतो, मागं स्क्रूच नसतात. मग चौथी पायरी तुम्हाला नाही.

> सावध: लहान आरशामागचा मधला मोठा स्क्रू पूर्ण काढू नका. तोच आरशाला धरून ठेवतो.

खरी परीक्षा ताऱ्यावर, रात्री, तीही दुर्बीण थंड झाल्यावर. पुस्तकात ध्रुवतारा घ्या म्हणतात, कारण तो हलत नाही. खरं बेळगाव साधारण १६ अक्षांशावर, म्हणजे आपला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर, शेजाऱ्याच्या टाकीमागं, धुरात थरथरत. त्यापेक्षा चांगला वर आलेला मध्यम तेजाचा तारा घ्या, १० मिमीत बरोबर मधे आणा आणि फोकस थोडासाच बिघडवा. एकात एक गोल कड्या दिसल्या तर ठीक, एका अंगाला झुकल्या तर पायरी ४ पुन्हा. तारा मधे नसताना ही परीक्षा घेऊ नका, कडेला तारा नेहमीच वाकडा दिसतो.

## ५. रात्र आणि जागा ठरवणं

कॅलेंडरवरची तिथी बघा, अॅप नंतर. चंद्र बघायचा असेल तर शुद्ध पंचमी ते दशमी, उजेड-अंधाराच्या रेषेवर खड्ड्यांच्या सावल्या पडतात. पौर्णिमेला चंद्र नुसता चुन्याच्या ताटासारखा सपाट. तेजोमेघ, तारकागुच्छ बघायचे असतील तर अमावास्येच्या पुढं-मागं चार दिवस. लोक नेमके कोजागिरीला दुर्बीण काढतात, मसाला दूध प्यायला ती रात्र उत्तम.

महिने म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चनंतर हवेत धूळ, मग वळीव, जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुर्बीण कपाटात. निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या ऊसपट्ट्यात हिवाळ्यातच पाचट पेटवतात, त्यामुळं तिथं वारा कुठून वाहतोय ते बघूनच बसा.

चंद्र आणि ग्रहांसाठी टिळकवाडी, शहापूर, वडगाव, कुठलीही टेरेस चालते. अंधुक गोष्टींसाठी शहराच्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला, ओळखीच्या माणसाच्या शेतात. ओळखीच्या हे महत्त्वाचं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात अस्वलं आहेत, भीमगड अभयारण्य आहे, तिथं रात्री रस्त्याकडेला थांबायचं नाही. कॅम्पात (लष्करी भागात) किंवा सांबरा विमानतळाच्या कुंपणाजवळ नळी रोखून बसाल तर तारे बाजूला राहतील आणि जबाब देत बसाल. गावात गेलात की आधी दोन घरं सांगून ठेवा. अंधारात नळीभोवती चार माणसं म्हटल्यावर कुणीतरी बॅटरी घेऊन येणारच. "चुक्की नोडाकत्तीवि री" (कन्नडमध्ये, तारे बघतोय हो) म्हटलं की त्यांनाही एकदा डोळा लावायचा असतो, तेवढंच.

## ६. रात्री लावताना

१) बघायला सुरुवात करायच्या आधी अर्धा-पाऊण तास दुर्बीण बाहेर, सावलीत, झाकणं काढून, तोंड थोडं खाली करून. आरसा घरातल्या उबेतून १५-१६ अंशांच्या हवेत येतो, तो गार होईपर्यंत नळीत गरम हवा फिरते आणि तारा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. "नुसतं धुरकट" म्हणणाऱ्यांचं निम्मं उत्तर इथं आहे.

२) टेरेसचा स्लॅबही रात्री नऊ-दहापर्यंत उष्णता सोडतो, त्यामुळं ग्रह अगदी खाली असताना, शेजारच्या कौलांवरून बघू नका. वर येऊ द्या.

३) उघड्या दांड्यांची नळी असेल तर तिच्याभोवती काळ्या फोम शीटची सुरळी गुंडाळा. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत शिरत नाही आणि दवही कमी धरतं.

४) डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, आणि मोबाईल एकदा बघितला की मीटर परत शून्यावर. बॅटरीला लाल जिलेटीन कागद दोन पदरी लावा.

## ७. बघायचा क्रम

नेहमी २५ मिमीनं सुरुवात. फाइंडरनं पकडा, २५ मध्ये मधे आणा, फोकस करा, मगच १० घाला आणि फोकस पुन्हा करा, कारण तो बदलतो.

पहिल्या रात्री चंद्र. फोकस हात बसेपर्यंत सावकाश फिरवा. मग गुरू, २६ पटीतसुद्धा त्याचे चार चंद्र एका ओळीत दिसतात, ढगांचे पट्टे ६५ पटीत, तेही लगेच नाही, मिनिटभर डोळा लावून ठेवला तर. पृथ्वी फिरतेय त्यामुळं ६५ पटीत ग्रह साधारण तीन मिनिटांत चित्राबाहेर जातो. म्हणून दुसऱ्याला दाखवताना ग्रह मधे ठेवू नका, ज्या कडेनं तो आत येतो त्या कडेला ठेवा म्हणजे समोरच्याला पूर्ण वेळ मिळतो. आणि आधीच सांगून ठेवा, नळीला धरायचं नाही. प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा नळीच धरतो.

शनीबद्दल: २०२५ च्या मार्चमध्ये त्याची कडी आपल्याकडून बघताना अगदी कडेवर आली होती, आणि त्यानंतरही काही काळ ती बारीकच दिसतात. रेघ दिसली म्हणून दुर्बिणीला शिव्या देऊ नका, वर्षागणिक ती उघडत जातील.

जानेवारीत दहाच्या सुमाराला मृग चांगला वर असतो. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला उघड्या डोळ्यांनाही पुसट वाटणारी जागा आहे, तिथं २५ मिमी लावा. राखाडी पंख पसरल्यासारखा तेजोमेघ दिसेल. राखाडीच, फोटोतला गुलाबी रंग डोळ्याला दिसत नाही. सरळ रोखून बघण्यापेक्षा नजर जरा बाजूला ठेवली की जास्त पसरलेला दिसतो. कृत्तिका तर फक्त २५ मधेच, १० घातलात तर पुंजका मावत नाही.

मेमध्ये वळिवानं आकाश मोकळं सोडलं तर रात्री साडेदहाच्या आसपास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून २७ अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. उत्तरेकडच्या लोकांना तो फार खाली दिसतो, आपल्याला बऱ्यापैकी, तेव्हा सोडू नका.

> तपासा: तारे फार लुकलुकत असतील तर हवा खराब आहे. त्या रात्री १० मिमीचा हट्ट नको, बार्लो (पट वाढवायचं जादा भिंग) तर खोक्यातच राहू दे.

## ८. आवरताना आणि पावसाळ्यात

आरशावर दव धरलं तर पुसू नका. घरात आणून नळी आडवी, झाकणं उघडी, तासभर तशीच ठेवा, पूर्ण सुकल्यावरच झाकणं लावा. ओली असताना झाकण लावून पिशवीत कोंबली की बुरशी धरते, आणि कणकुंबी-जांबोटीच्या पावसात राहणाऱ्यांना बुरशी म्हणजे काय ते सांगायला नको.

जूनच्या आधी नळीत आणि आयपीसच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा बदला. देवघराच्या कपाटात ठेवू नका, धूप-अगरबत्तीचा थर आरशावर बसतो. आरसा धुवायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही, आलीच तर काढून आधी नळाच्या हलक्या धारेखाली, मग डिस्टिल्ड पाणी ओतून, कापसानं न घासता, उभा टेकवून सुकवायचा, आणि बसवल्यावर विभाग ४ पहिल्यापासून.

फाइंडरचा सेल काढून ठेवा. सेल कुठं ठेवलाय ते खोक्यावर पेनानं लिहा, माझा गेल्या वर्षीचा अजून सापडायचाय.